लोभ असावा



गेल्या दिवाळीत या सदरात मी इथल्या पावाच्या दुकानात उभी राहून गोंधळले होते. यंदा बँकेत उभी राहून गोंधळले, म्हणून पैशांबद्दल लिहिते आहे. लेखासाठी संपादकांचे दोनदा फोन आले आणि दोन्ही वेळा मी ‘फक्त शेवटचा परिच्छेद राहिलाय’ असं सांगितलं. खरं म्हणजे तेव्हा पहिलाही लिहिलेला नव्हता. आपली दिवाळी तिथीप्रमाणे नसून हॉल मिळेल त्या शनिवारी असते, म्हणून या वेळी निभावलं.

सुरुवात सिनेमापासून झाली. २१ ऑक्टोबरला ‘वॉल स्ट्रीट’चा दुसरा भाग जर्मनीत लागला. पहिला भाग १९८७चा, म्हणजे मध्ये तेवीस वर्षं गेली. माझ्या नवऱ्याने तो कॉलेजात असताना भाड्याच्या कॅसेटवर चार वेळा पाहिला होता, तेव्हा दुसरा भाग पाहणं हे त्याच्या दृष्टीने कर्तव्यच होतं. लेकीला मैत्रिणीकडे सोडलं आणि शनिवारी संध्याकाळी आम्ही श्टुटगार्ट गाठलं. स्टेशनसमोर नव्या स्टेशनच्या विरोधात पाट्या घेऊन माणसं उभी होती. तिथला वादही अब्जावधी युरोंचाच. शहरभर पैशाचीच चर्चा चालू असताना आम्ही तिकीट काढून आणखी दोन तास तीच ऐकायला गेलो.

ज्यांनी पहिला भाग पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात. गॉर्डन गेको नावाचा शेअरबाजारातला बडा मासा. कंपन्या विकत घ्यायच्या, मोडायच्या, तुकडे विकून पैसा करायचा. भागधारकांच्या सभेत तो उभा राहतो आणि लोभ ही चांगली गोष्ट आहे, असं ठणकावून सांगतो. हे भाषण हवेतून आलेलं नव्हतं. आयव्हन बोस्की या खऱ्याखुऱ्या सटोडियाने १९८६ साली कॅलिफोर्नियात विद्यार्थ्यांच्या पदवीदान समारंभात अशाच अर्थाचं बोलून टाळ्या घेतल्या होत्या आणि पुढे आतल्या बातम्यांवर शेअरचे सौदे केल्याबद्दल तो तुरुंगात गेला. दिग्दर्शक ऑलिव्हर स्टोन यांचे वडील स्वतः शेअर दलाल. तो सिनेमा त्यांनाच अर्पण केलेला आहे. गेको हा खलनायक म्हणून लिहिला होता. झालं उलटंच. मायकल डग्लसना त्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं आणि पुढे कित्येक वर्षं तरुण मुलं त्यांना भेटून सांगत राहिली, की तुमचा गेको पाहूनच आम्ही या धंद्यात आलो.

आपल्याला याचं नवल वाटायला नको. हर्षद मेहताला आपण काय कमी डोक्यावर घेतलं? १९९२ साली मी सांगलीत ज्युनियर कॉलेजात होते. ए.सी.सी.चा दोनशे रुपयांचा शेअर नऊ हजारांच्या आसपास गेला होता आणि आमच्या वाड्यातले, आयुष्यात पोस्टाच्या बचतपत्रापलीकडे न गेलेले काका सकाळी पेपर उघडला की आधी भावांचं पान बघायचे. एप्रिलमध्ये सुचेता दलाल यांनी बातमी फोडली आणि सगळं बाहेर आलं. बँका एकमेकींना सरकारी रोखे विकत, पण प्रत्यक्ष रोख्यांऐवजी पावतीवर काम चालायचं. ज्या बँकांनी रोखे हातात नसताना अशा पावत्या दिल्या, त्यांत एक नाव होतं बँक ऑफ कराड. सांगलीपासून दोन तासांवरचं, कृष्णा-कोयनेच्या संगमावरचं कराड एकदम देशाच्या पेपरांत झळकलं, ते असं. त्याच वर्षी ती बँक अवसायनात गेली. आणि हर्षद? नव्वदीच्या शेवटी तो पुन्हा लोकांना शेअरच्या टिपा देऊ लागला होता आणि लोक त्या घेतही होते. त्याचाही दुसरा भाग आलाच होता म्हणायचा.

तर सिनेमाचा दुसरा भाग. गेको तुरुंगातून सुटतो तेव्हा त्याला त्याच्या वस्तू परत मिळतात, त्यांत विटेएवढा मोबाईल असतो. थिएटरात सगळे हसले. बाहेर त्याला न्यायला कुणीही आलेलं नसतं. पुढे २००८ साल येतं. गेकोने पुस्तक लिहिलं आहे आणि तो विद्यार्थ्यांपुढे भाषणं देतो: मी लोभ चांगला म्हणालो होतो, आता तर तो कायदेशीरही झालेला दिसतो. त्याची मुलगी विनी त्याच्याशी बोलत नाही. तिचा होणारा नवरा जेक हा तरुण दलाल. जेकची बँक बुडते आणि त्याला घडवणारा म्हातारा साहेब भुयारी रेल्वेखाली जीव देतो. विनीच्या नावावर स्वित्झर्लंडमध्ये दहा कोटी डॉलर असतात. बापलेकीचं जुळवून देतो, असं म्हणत जेक त्या पैशांपर्यंत गेकोची वाट करून देतो. गेको ते घेऊन लंडनला पसार होतो आणि त्याचे शंभर कोटींहून जास्त करतो. आणि शेवटी? नातवंडाचं सोनोग्राफीतलं चित्र पाहून विरघळतो, दहा कोटी परत देतो, सगळे एकत्र येतात, वाढदिवस साजरा होतो.

नवरा खूश. मी नव्हते. तेवीस वर्षं वाट पाहायला लावून शेवटी आजोबा नातवासाठी सुधारतात, हे आपल्या मालिकांमध्ये रोज संध्याकाळी चालतं. २००८च्या त्या सप्टेंबरनंतर कुणा गेकोने दारात येऊन पैसे परत दिल्याचं मी तरी ऐकलं नाही. पण माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हतं ते एक छोटं पात्र. जेकची आई. सुसान सॅरंडन. पूर्वी नर्स होती. घरांच्या किमती चढायला लागल्यावर ते काम सोडून तिने घरं विकायला घेतली, स्वतः अंगावर घेतली. आता घरं विकत नाहीत, हप्ते थांबत नाहीत, आणि ती मुलाकडे पैसे मागते आहे. चेहऱ्यावर ओशाळं हसू आणि शेवटी ‘बस, एवढेच’. पडद्यावर ती जेमतेम काही मिनिटं येते. तिच्याकडे बघताना माझ्या पोटात गोळा आला, कारण नर्सच्या जागी शिक्षिका घातली की ती मीच होते.

परतीच्या गाडीत मी नवऱ्याला सांगितलं. तीन वर्षं सांगितलं नव्हतं ते.

सांगलीच्या शाळेत मी सात वर्षं मराठी शिकवलं. लग्नानंतर इकडे येताना नोकरी सोडली, तेव्हा फंडाचे एक लाख साठ हजार मिळाले. ते तिकडच्या खात्यात पडून होते. माझ्या नावावर, माझ्या कमाईचे, शेवटचे. इथे आल्यावर पीठ मळताना, लेकीला बालवाडीत सोडताना, जर्मनच्या वर्गात ‘देअर, दी, दास’ घोकताना तो आकडा मला आधार द्यायचा. २००७च्या डिसेंबरात सेन्सेक्स वीस हजारांवर गेला. भावाचा फोन आला, ताई, पैसे नुसते झोपवून ठेवू नकोस. त्याच्या खात्यातून त्याने ते शेअरमध्ये लावले. जानेवारीत बाजार कोसळला. पुढच्या ऑक्टोबरपर्यंत अडतीस हजार उरले होते.

नवरा बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “त्याला तरी कळायला नको होतं?”

मी खिडकीतून बाहेर बघत राहिले. काही बोलले नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सोमवारी सकाळी जिना झाडायला काढला. आमच्या या श्वेबिश मुलखात आळीपाळीने जिना आणि दारापुढचा रस्ता झाडायची पद्धत, ते तुम्हाला सांगायला नको. खालच्या मजल्यावरच्या आजी माझं झाडणं नीट होतंय ना, हे बघायला नेहमीप्रमाणे दारात आल्या. सिनेमाचा विषय निघाला. मी म्हटलं, आजी, तुमच्यासारख्यांचं कौतुक तर चान्सलरबाईंनी केलंय. डिसेंबर २००८मध्ये इथे श्टुटगार्टलाच पक्षाच्या अधिवेशनात अँगेला मेर्केल म्हणाल्या होत्या, की बँकवाल्यांनी एखाद्या श्वेबिश गृहिणीला विचारायला हवं होतं. ऐपतीबाहेर कायम जगता येत नाही, एवढं तिने सांगितलं असतं.

तसं बघितलं तर त्या वर्षी जर्मनीतल्या मोठ्या मोठ्या शहाण्यांना कुणा गृहिणीला विचारायची गरज होतीच. लेमन ब्रदर्सने दिवाळखोरी जाहीर केली त्या १५ सप्टेंबरच्या सकाळी जर्मनीच्या सरकारी विकास बँकेतून सुमारे ३० कोटी युरो त्याच लेमनला रवाना झाले. आधी ठरलेला व्यवहार होता, कुणी थांबवला नाही. पेपरांनी त्या बँकेला ‘जर्मनीतली सर्वांत मूर्ख बँक’ हा किताब दिला. हजारो साध्या बचतदारांनी लेमनची सर्टिफिकेटं घेतलेली होती, त्यांत इतक्या म्हाताऱ्या बायका होत्या, की ‘लेमन-ओमा’, म्हणजे लेमनवाली आजी, असा शब्दच भाषेत आला. ५ ऑक्टोबरच्या रविवारी मेर्केल आणि अर्थमंत्री श्टाइनब्रूक यांना टीव्हीवर येऊन सांगावं लागलं, की लोकांच्या ठेवी सुरक्षित आहेत.

आमच्या आजींकडेही सर्टिफिकेटं विकायला माणूस आला होता. त्यांनी सही केली नाही. “बघा, मेर्केलबाईंचं बरोबर आहे,” मी म्हटलं.

आजी हसल्या नाहीत. “शहाणपण कसलं? भीती आहे ती,” त्या म्हणाल्या. त्यांच्या आजीने १९२३ सालच्या महागाईत सगळं गमावलं. तेव्हा एका डॉलरला लाख कोटींच्या पटीत मार्क मोजावे लागत. मग आईची पाळी. १९४८च्या जूनमध्ये चलन बदललं, तेव्हा आजी बारा वर्षांच्या होत्या. माणशी ४० नवे मार्क हातात मिळाले आणि बँकेत साठवलेल्या दर १०० जुन्या मार्कांचे शेवटी साडेसहा झाले. “आई त्या दिवशी रडली नाही. तिने पासबुक ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि बटाटे सोलायला बसली. मला अजून बटाटे सोलताना ते आठवतं.” आपल्याकडे दुधाने तोंड पोळलं की ताक फुंकून पितात. इथल्या काटकसरीचं आपण एवढं कौतुक करतो, त्यामागे दोन पिढ्यांची पोळलेली तोंडं आहेत, हे मला जिना झाडताना कळलं.

आणि मग शुक्रवारी बँक. ऑक्टोबरअखेर इथे ‘वेल्टश्पारटाग’, म्हणजे जागतिक बचत दिन असतो. १९२४ साली मिलानमध्ये जगभरच्या बचत बँकांची परिषद भरली, तिथे हा दिवस ठरला. पोरं वर्षभर भरलेली मातीची डुकरं घेऊन बँकेत जातात, नाणी यंत्रात ओततात, आकडा पुस्तकात चढतो आणि काउंटरवरची बाई मुलांना छोटी भेट देते. लेकीचे २३ युरो ४० सेंट निघाले. तिला एक पेन्सिलीचा डबा मिळाला. ती इतकी खूश झाली, की तिने रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मराठीत विचारलं, “आई, तुझं श्पारबुख कुठाय? तुझ्यात किती जमलेत?”

रांगेत कुणालाही मराठी येत नव्हतं, तरी माझे कान तापले. मी म्हटलं, “माझं सांगलीला आहे.” “मग मामाला सांग ना, भरून ठेव म्हणून!”

मामाला सांगायची वेळ आलीच. रविवारी घड्याळं तासभर मागे गेली, त्यामुळे आमचा फोनचा नेहमीचा हिशेब चुकला आणि भावाचा फोन भल्या पहाटे वाजला. आवाजात उत्साह मावत नव्हता. सेन्सेक्स पुन्हा वीस हजारांवर. लक्ष्मीपूजनाला मुहूर्ताचे सौदे असतात, त्या वेळी पुन्हा शिरायचं. तुझे अडतीसचे आता पंचावन्न झालेत, त्यात मी माझे पन्नास घालतो, दोन वर्षांत तुझे सगळे एक लाख साठ हजार तुझ्या हातात देतो, बघच तू.

“तुझे पन्नास कशाला?”

तो थांबला. मग म्हणाला, “ताई, गेल्या तीन दिवाळ्या मला तुला फोन करायची लाज वाटते.”

आता तो मघाचा लक्षात ठेवायला सांगितलेला भाग. डिसेंबर २००७मध्ये भाऊ म्हणाला होता, “निम्मे लावू, निम्मे ठेवीत राहू देत.” मी म्हणाले होते, “सगळे लाव.” त्याने दोनदा विचारलं. मी दोनदा तेच सांगितलं. गरज होती का? अजिबात नाही. घर चाललं होतं, लेक आनंदात होती. पण पलीकडच्या गल्लीतल्या एकीने शेअरवर नवी गाडी घेतल्याचं कानावर आलं होतं, आणि मला दोन वर्षांनी एखाद्या दिवाळीला नवऱ्यापुढे एक आकडा ठेवून म्हणायचं होतं, बघ, मी घरात बसून हे केलं. त्याला मी ‘भविष्याची तरतूद’ म्हणत होते. गेकोने त्याला सरळ लोभ म्हटलं असतं, आणि निदान या एका बाबतीत तो माझ्यापेक्षा खरा ठरला असता. आणि नंतर तीन वर्षं मी दोष माझ्या गप्प राहण्याने भावाच्या पदरात टाकून ठेवला. पैसे गेले ते बाजारामुळे. हे मात्र मी केलं.

जर्मन भाषेत ‘शुल्ड’ म्हणजे अपराध आणि त्याचंच अनेकवचन ‘शुल्डन’ म्हणजे कर्ज. वर्गात हे शिकले तेव्हा गंमत वाटली होती. त्या पहाटे वाटली नाही. भावाचं माझ्याकडे देणं नव्हतंच. माझंच त्याच्याकडे होतं.

मी त्याला तसं सांगितलं. सगळे लाव, हे मी म्हणाले होते, तू नाही. तो “जाऊ दे गं” म्हणत राहिला, पण त्याचा आवाज थोडा मोकळा झाला. मग मी म्हटलं, भाऊबीज आठवड्यावर आली आहे. यंदा मला ओवाळणी हवी. ते पंचावन्न हजार काढ आणि साध्या ठेवीत टाक. तुझे पन्नास तुझ्या पोरांच्या फीला ठेव. आणि मुहूर्ताला शेअरच्या भावांपुढे बसण्यापेक्षा आईच्या शेजारी पूजेला बस.

पलीकडे बराच वेळ नुसती खरखर. मग “बघतो गं, ताई” आणि फोन ठेवला. आपल्या माणसांचं ‘बघतो’ म्हणजे काय, हे तुम्हीही जाणता. त्याने काय केलं ते मला अजून माहीत नाही. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा भाऊबीज होऊन गेलेली असेल. नवऱ्याला मात्र मी त्याच सकाळी चहाच्या आधी सगळं सांगितलं, ‘दोनदा’सकट. तो म्हणाला, “म्हणजे सिनेमाचे पैसे वसूल झाले म्हणायचे.”

नववीच्या वर्गात मी पत्रलेखन शिकवायचे, तेव्हा शेवटी फळ्यावर लिहायचे: कळावे, लोभ असावा ही विनंती. एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं होतं, “बाई, लोभ तर षड्रिपूंतला, मग तो असावा कसा?” मी शब्दकोशातले दोन अर्थ सांगितले, हाव आणि माया, आणि पुढे गेले. आज तो विद्यार्थी भेटला तर सांगेन, की हे दोन अर्थ तितके वेगळे नाहीत रे. माझ्या भावाचे ते पन्नास हजार नेमके कुठल्या लोभातले होते, ते मलाही सांगता येत नाही.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी हा अंक आपण वाचून झाला की भारतात जातो. आमचाही सांगलीला जाईल. म्हणून हे सगळं इथे लिहून ठेवलं. आई, काका, वहिनी, तुम्ही वाचत असाल तर त्याला काही बोलू नका.

दिवाळीच्या सर्वांना मनापासून शुभेच्छा. लोभ असावा. पहिल्या नाही, दुसऱ्या अर्थाने.